हरलो ते रेफ्रीमुळे की आपल्याच पायांनी?

गंगाकाठ (धागाकर्ता) · रविवार, रात्री १०:४०

झोप येत नाही म्हणून धागा काढतोय. चुकीच्या सदरात पडला असेल तर हलवा.

आज सकाळी आमच्या पंधरा वर्षांखालच्या पोरांची फायनल होती. मी काही पट्टीचा कोच नाही. सातपूरला नोकरी, पहिली पाळी नसेल तेव्हा साडेसहाला मैदानावर. कॉलेजात गोली होतो, तेवढ्या भांडवलावर सोळा पोरं सांभाळतो. स्पर्धेचं नाव घेत नाही, तुम्हीही ओळखलंत तर लिहू नका.

पंचवीस-पंचवीस मिनिटांचा सामना. हाफ टाइमला आम्ही १-० ने पुढे. जिंकलो तर चुलीवरची मिसळ, असं पोरांनी माझ्याकडून कबूलच करून घेतलं होतं. शेवटच्या बारा मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि २-१ ने हरलो. दोन्ही गोल रेफ्रीचे. म्हणजे मारले त्यांच्या पोरांनी, पण दिले रेफ्रीने.

पहिला. त्यांचा उंच नऊ नंबर आमच्या शेवटच्या बॅकच्या चांगला चार फूट मागे, गोलच्या बाजूला एकटा उभा. म्हणजे सरळ ऑफसाइड, असा चेंडू घ्यायला बंदी. आमचे दोन्ही बॅक हात वर करून थांबले. शिट्टी नाही. त्याने निवांत चेंडू खाली घेतला, गोलीकडे बघितलं आणि कोपऱ्यात सारला.

दुसरा. चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला होता. त्यांच्या विंगरने तो बाहेरून ओढून आत आणला, क्रॉस, गोल. लाइनवर झेंडा घेऊन कोण, तर सकाळी सेमीत हरलेल्या टीमचा एक पोरगा. त्याचं अर्धं लक्ष खिशातल्या मोबाइलकडे.

आता उद्या पोरं विचारणार. रेफ्रीला दोष दिला तर म्हणतात पोरं बिघडतात. मग काय, खोटं सांगू?

पाववडा · रविवार, रात्री १०:५२

बैठक मारलीय. अवांतर: मिसळीचं काय झालं?

गंगाकाठ · रविवार, रात्री १०:५५

खाल्ली. रस्सा दुसऱ्यांदा कोणीच मागितला नाही, यावरून काय ते समजा.

रंकाळ्याचा_वारा · रविवार, रात्री ११:०५

भावा, कोल्हापुरात ये एकदा. शाहू स्टेडियमवर मॅच सुटली की हरलेल्या पेठेत रेफ्री आंधळा असतो आणि जिंकलेल्या पेठेत तोच देवमाणूस. चहाच्या गाड्यावर एका फाउलचं आठवडाभर कीर्तन चालतं.

पण एक सांगतो. १९८६ च्या वर्ल्ड कपमधला मॅराडोनाचा हाताचा गोल सगळ्यांना पाठ आहे. ट्युनिशियाच्या रेफ्रीला हात दिसला नाही, इंग्लंडवर अन्याय झाला, मान्य. पण चेंडू तिथं गेला कसा? इंग्लंडच्याच हॉजनं तो उलटा आपल्या गोलीकडं उडवला होता. आणि चारच मिनिटांनी दुसरा गोल झाला, आपल्या अर्ध्यातनं पळत सुटला होता गडी, त्या वेळी त्याला नुसता हात लावायला कोण पोचलं? २-१ मधला एक रेफ्रीचा धर. दुसऱ्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

चष्मेबहाद्दर · रविवार, रात्री ११:२१

हिशेब कच्चा आहे, वारा. त्या दोनातला एक काढा की मग. इंग्लंडच्या लिनेकरने शेवटी एक फेडला होताच. १-१ होतात. १-१ म्हणजे हार नव्हे, एक्स्ट्रा टाइम.

'आपल्या चुका बघा' हा उपदेश ऐकायला गोड आहे, पण फुटबॉलमध्ये तो पुरत नाही, कारण या खेळात गोलच मुळात कमी. क्रिकेटमध्ये अंपायरने एकाला चुकीचा पायचीत दिला तरी बाकीचे उरतात, वीस ओव्हर उरतात. इथे नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल. त्यातला एक चुकीचा म्हणजे अर्धा सामना चुकीचा. भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता येतो. चहात पडलं तर?

आणि रेफ्री विकलेलाच असावा लागतो असंही नाही. स्पेनच्या लीगवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता. घरचा संघ एका गोलाने मागे असला की रेफ्री शेवटी जादा वेळ सढळ हाताने देतात, पुढे असला की आखडता घेतात. लाच नाही, धमकी नाही. नुसता गॅलरीचा आवाज.

शिट्टीवाला · रविवार, रात्री ११:३४

नाशिक जिल्ह्यात बारा वर्षं शिट्टी फुंकतोय. आजच्या सामन्याला नव्हतो, आधीच सांगून ठेवतो.

गंगाकाठ, एक बारीक प्रश्न. पहिल्या गोलाच्या वेळी चेंडू नऊ नंबरकडे आला कुठून?

गंगाकाठ · रविवार, रात्री ११:३६

डाव्या लाइनवरून. थ्रो होता, त्यांच्या हाफने लांब फेकला. का?

शिट्टीवाला · रविवार, रात्री ११:३९

मग ऑफसाइड नाही.

थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किक, या तिन्हींवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागत नाही. नियम ११. नऊ नंबर चार फूट मागे असो नाहीतर तुमच्या गोलीच्या मांडीवर बसलेला असो.

पाववडा · रविवार, रात्री ११:४०

आई गं.

गंगाकाठ · रविवार, रात्री ११:४१

थांबा. बघतो.

गंगाकाठ · सोमवार, पहाटे १२:२८

बघितलं. तीन ठिकाणी बघितलं. मग बायकोला उठवून सांगितलं, तिने कूस बदलली.

वीस-बावीस वर्षं फुटबॉल बघतोय, खेळलोय. गोली असताना ऑफसाइडची भानगड बॅक लोकांवर सोडलेली, आणि टीव्हीवर लांब थ्रो बघताना हा विचार कधी डोक्यात आलाच नाही. मीच पोरांना सांगत आलो, पुढचा मागे राहिला की हात वर करा. कधी करायचा आणि कधी नाही, ते सांगितलंच नाही.

तरी दुसरा गोल शिल्लक आहे. तो मी सोडणार नाही.

चष्मेबहाद्दर · सोमवार, सकाळी ८:१०

वाईट वाटून घेऊ नका, यात मोठमोठे सापडलेत. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनी-इंग्लंड सामना आठवतो? लोकांना त्यातला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा न दिलेला गोल आठवतो. क्रॉसबारला लागून रेषेच्या चांगला आत पडला होता, उरुग्वेच्या रेफ्रीने दिला नाही. पुढे दोनच वर्षांत गोलरेषेचं तंत्रज्ञान मंजूर झालं.

पण त्याच सामन्यातला पहिला गोल बघा. जर्मनीचा गोली नॉयर याने गोल किक मारली, चेंडू कोणाला न लागता सरळ इंग्लंडच्या दोन बॅकच्या मधून क्लोजेकडे, आणि गोल. गोल किकवरून ऑफसाइड नाही, तोच नियम. तिथे रेफ्रीचा काय संबंध?

हो, मी रात्री उलट बाजूने बोलत होतो. आणि अजूनही त्याच बाजूला आहे. लॅम्पार्डचा गोल दिला असता तर २-२ होते आणि अख्खा दुसरा हाफ शिल्लक. मागे असल्यामुळे इंग्लंड सगळं सोडून पुढे धावलं आणि काउंटरवर म्युलरने दोन घातले. ४-१ हा आकडा बघून 'तसेही हरलेच असते' म्हणणं सोपं आहे.

निळी_जर्सी · सोमवार, सकाळी ९:४७

गंगाकाठ, तुमचा दुसरा गोल वाचला आणि पोटात कालवलं. डिट्टो दोहा. ११ जून २०२४, वर्ल्ड कप क्वालिफायर, भारत वि. कतार. छांगतेच्या गोलामुळे आपण १-० ने पुढे. ७३ व्या मिनिटाला हेडर आला, आपला गोली गुरप्रीतने अडवला, चेंडू त्याच्या हाताखालून रेषेबाहेर घरंगळला. आपली पोरं थांबली. कतारच्या खेळाडूने बाहेरून तो आत ओढला, दुसऱ्याने गोल केला. रेफ्रीने दिला! व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतीच. मग ८५ व्या मिनिटाला दुसरा खाल्ला आणि खेळ खलास. मी त्या रात्री रिमोट फेकला होता. बॅटरीचं झाकण अजून सापडलेलं नाही.

आता हिशेब सांगतो, कारण तो मी तेव्हापासून मनात घोळवतोय. गटात कुवेत शेवटी ७ गुणांवर गेलं, आपण ५ वर राहिलो. दोह्यात जिंकलो असतो तर ८, म्हणजे पुढची फेरी. बरोबरी झाली असती तरी ६, म्हणजे घरीच. त्या गोलाने भारताचं नुकसान झालं, यात शंका नाही.

पण मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानशी आपल्याच घरात खेळलो होतो. छेत्रीचा १५० वा सामना, त्याचाच पेनल्टीवर गोल, ७० व्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे. आणि हरलो २-१. दुसरा गोल ८८ व्या मिनिटाला, गुरप्रीतने समोरच्याला पाडून दिलेल्या पेनल्टीवर. तो सामना जिंकलो असतो तर दोह्यात हरूनसुद्धा ८ झाले असते.

दोन्ही वाटांनी ८ च. एक वाट रेफ्रीने बंद केली, एक आपण. गुवाहाटीवर कोणी धागे काढत नाही. मी पण नाही काढला.

देवळाली_लोकल · सोमवार, दुपारी १:१५

फार समजूतदारपणा चाललाय इथे. झेंडावाला मोबाइल बघणार, चेंडू बाहेर जाणार आणि चूक पोरांची?

एन्ट्री फी घेतात. ट्रॉफी कमरेएवढी आणतात. उद्घाटनाला स्टेजवर पंधरा खुर्च्या, प्रत्येकाला शाल आणि नारळ. आणि दोन लाइनमनचं मानधन जड जातं! रेफ्री एकटा काय काय बघणार? दोष द्यायचाच तर रेफ्रीला नको, पण पोरांनाही नको.

सात_नंबरची_आई · सोमवार, दुपारी ३:०२

सर, मी इथे फक्त वाचायला येते, पण आज लिहिते. सगळी मॅच माझ्या मोबाइलमध्ये आहे. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघांनी बघितली.

देवळाली_लोकल यांचं बरोबर आहे, पण व्हिडिओत जे दिसतं तेही सांगायला हवं.

थ्रोच्या वेळी तीन हात वर आहेत. दोन्ही बॅकचे, आणि लाइनबाहेर तुमचा. तुमच्या हातात पाण्याची बाटली आहे. आमचा गोलीसुद्धा चेंडूकडे न बघता तुमच्या बाटलीकडे बघतोय.

दुसऱ्या गोलाचा चेंडू बाहेर होता. मला तरी तसंच दिसतं. पण तो आत ओढल्यापासून गोल होईपर्यंत मी मोजलं, चार सेकंद. चार सेकंद आमची सहा पोरं 'आउट, आउट' करत रेफ्रीकडे तोंड करून उभी. ज्याने गोल मारला तो त्यांच्यामधून चालत आलाय. धावलेला पण नाही.

आणि बारावं मिनिट. गोली पडलेला, समोर गोल उघडा, आणि आमच्या चिरंजीवांनी बारवरून पलीकडच्या बाभळीत घातला. तेव्हा २-० झालं असतं. घरी आल्यापासून 'रेफ्रीने चीटिंग केली' एवढंच चाललंय. मी म्हटलं, बाराव्या मिनिटाचं काय? तर म्हणतो, "मम्मी, ते वेगळं."

पाववडा · सोमवार, दुपारी ३:०९

"मम्मी, ते वेगळं." हे प्रत्येक मैदानाच्या फाटकावर रंगवून घ्या.

गंगाकाठ · सोमवार, दुपारी ३:४०

ताई, बाटलीचं खरंय. मला आठवतही नव्हतं.

शिट्टीवाला · सोमवार, रात्री ९:३०

आता माझी बाजू. जरा लांब लिहितो.

आपल्याकडच्या स्पर्धांत रविवारी एकाच रेफ्रीला तीन-चार सामने लागतात. रेघा सकाळी फक्कीने मारलेल्या. फायनलपर्यंत कॉर्नरपाशी फक्की अशी पुसते की रेषा कुठे होती ते आठवणीवर ठरवायचं. लाइनवर राखीव पोरं, झेंड्याऐवजी कधी कधी पंचा. विंगर कोपऱ्यात पोचतो तेव्हा मी तीस पावलं मागे असतो आणि मध्ये चार पाठी. रेषेबाहेरचा चेंडू मला दिसतच नाही. न दिसलेल्या गोष्टीची शिट्टी मी वाजवू शकत नाही. अंदाजाने वाजवणारे आहेत, त्यांची मला जास्त भीती वाटते. शिवाय पूर्ण चेंडू पूर्ण रेषा ओलांडून गेला तरच बाहेर. कडा जरी रेषेवर असली तरी आत. हे जमिनीवर उभं राहून, तिरक्या कोनातून ठरवून बघा एकदा.

आता चष्मेबहाद्दर म्हणतात त्या आवाजाबद्दल.

सहा-सात वर्षं झाली. आडगावच्या बाजूला एक सामना, ०-० चालू. बॉक्समध्ये शॉट आला, बचाव करणारा पोरगा आडवा झाला आणि 'चट्' असा आवाज आला. हातावर बसल्यासारखा. मी शिट्टी मारली, पेनल्टी. बाहेर शंभरेक माणसं उसळली. तो पोरगा माझ्याशी वाद घालायला आला नाही. त्याने चड्डीची कड जराशी वर करून मांडी दाखवली. लालबुंद गोल वळ, चेंडूच्या शिवणीसकट.

लोकांना एक गोष्ट माहीत नसते. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफ्रीला आपला निर्णय बदलता येतो. नियमात आहे. पेनल्टी मारली जाईपर्यंत माझ्याकडे मिनिट-दीड मिनिट होतं. मला कळलं होतं. मी बदलला नाही. त्या शंभर माणसांसमोर हात हलवून 'नाही, चुकलं' म्हणायला जी छाती लागते ती त्या दिवशी नव्हती. गोल झाला, १-० ने सामना संपला. मानधनाचं पाकीट घेतलं आणि स्कूटर काढली.

तो संघ माझ्यामुळे हरला. त्यांनी काय चुका केल्या होत्या ते मी सांगू शकतो, पण सांगणार नाही, मला तो हक्क नाही. म्हणून देवळाली_लोकल, रेफ्री सुटला असं समजू नका.

देवळाली_लोकल · सोमवार, रात्री ९:५२

🙏 मागे घेत नाही, पण आवाज कमी करतो.

रंकाळ्याचा_वारा · सोमवार, रात्री १०:१८

शिट्टीवाले, मानलं तुम्हाला.

पण मग हरणाऱ्यानं करायचं काय? मैदान सोडायचं? केरला ब्लास्टर्सनं करून बघितलं की. ३ मार्च २०२३, आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) प्लेऑफ, बेंगळुरूत. एक्स्ट्रा टाइममध्ये फ्री किक मिळाली, केरळची पोरं अजून भिंत रचतायत, गोली पुढं आलेला, तोवर बेंगळुरूकडनं खेळणाऱ्या छेत्रीनं चेंडू टाकला पण जाळ्यात. रेफ्रीनं गोल दिला. कोचनं अख्खा संघ बाहेर बोलावला. पंधरा-वीस मिनिटं तरी शिल्लक असतील. शेवटी काय, मॅच गेली, ४ कोटींचा दंड, कोचवर दहा सामन्यांची बंदी.

रेफ्री चुकला का नाही, यावर दोन्हीकडनं बोलता येतंय. पण मी तरी चेंडूवर पाय ठेवून उभा राहिलो असतो. छेत्री चेंडूपाशी आणि सगळे त्याच्याकडं पाठ करून भिंत मोजतायत!

निळी_जर्सी · सोमवार, रात्री १०:३१

पाय ठेवून उभा राहिलास तर पिवळं कार्ड, भावा.

रंकाळ्याचा_वारा · सोमवार, रात्री १०:३३

पिवळं घेतो की. गोलपेक्षा स्वस्त.

चष्मेबहाद्दर · मंगळवार, सकाळी ७:५५

आणि कोणी 'व्हीएआर आणा' म्हणायच्या आत सांगतो. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा चांगला गोल मैदानावर ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या खोलीत बसलेल्यांना वाटलं मैदानावर गोलच दिलाय, म्हणून त्यांनी 'तपासलं, बरोबर' कळवलं. खेळ सुरू झाला आणि मग खोलीत बोंब. मशीन बरोबर, रेघा बरोबर, माणसाने माणसाचं अर्धंच ऐकलं. लिव्हरपूल शेवटच्या क्षणी स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू घालून हरलं, २-१. आणि त्यांना दोन लाल कार्डंही होती. काढा आता कोणाचं किती टक्के ते.

गंगाकाठ · बुधवार, सकाळी १०:२०

आज प्रॅक्टिस होती. थंडी अशी की पोरं हात काखेत धरून आली. बारावं मिनिट, मांडीवरचा वळ, सगळं डोक्यात होतं, पण भाषण नाही केलं. आधी विचारलं, थ्रोवर ऑफसाइड असतो का? सोळापैकी तेरा म्हणाले, असतो. दोन गप्प. सात नंबर म्हणाला नसतो, कारण त्याच्या आईने हा धागा वाचून दाखवलाय.

मग सगळा तास थ्रो. मी फेकायचे, त्यांनी नऊ नंबरला धरायचं. एक अट घातली: ज्याचा हात वर जाईल त्याने मैदानाला एक फेरी मारायची. पहिल्या दहा मिनिटांत उजव्या बॅकने पाच मारल्या. मुद्दाम नाही करत हो तो. चेंडू डोक्यावरून गेला की हात आपोआपच वर जातो, एसटीला हात करावा तसा. आठव्या थ्रोला त्याने दोन्ही हातांनी बनियन धरून ठेवलं आणि नुसता पळाला. चेंडू काढला.

शेवटी माझाच वर गेला. बाटलीसकट. सोळाजण टाळ्या वाजवत होते आणि मी पळत होतो, कंपनीचे बूट घालून.

बाराव्या मिनिटाबद्दल सात नंबरला काही बोललो नाही. तो आपला आपणच प्रॅक्टिस संपल्यावर अर्धा तास उघड्या गोलवर मारत बसला होता.

शिट्टीवाले सर, रविवारी सकाळी मोकळे असाल तर या. पोरांना नियम तुमच्या तोंडून ऐकू देत. आणि ती आडगावची गोष्टही सांगा, जमलं तर.

शिट्टीवाला · बुधवार, दुपारी १२:०५

येतो. साडेसहाला. गोष्टीचं बघू.

पाववडा · बुधवार, दुपारी १२:०८

नावाला जागून पाववडे मी आणतो. वीस पुरतील?

सात_नंबरची_आई · बुधवार, दुपारी १२:३०

तीस आणा. ही पोरं आहेत.

देवळाली_लोकल · बुधवार, रात्री ८:४५

सगळं छान झालं. पण सर, ते दुसऱ्या गोलाचं राहिलंच. चेंडू बाहेर होता ना?

गंगाकाठ · बुधवार, रात्री ८:४७

होता. चांगला वीतभर.